घर खायला उठतं

सांगलीच्या शाळेत उभी हयात मराठी शिकवून हेमा नवऱ्याकडे अमिरातीतल्या फुजैराला राहायला आली. विलास तेलाच्या टर्मिनलवर इंजिनिअर. तो सकाळी गेला की घरात ती आणि एसीची घरघर. आधी भूक गेली, मग झोप उडाली.

विलासने तिला दुबईला मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फहद यांच्याकडे नेलं. बोलणं इंग्रजीत करायला भाची अस्मी सोबत होती. दुबईतच वाढलेली पोर. तिला मराठी समजायची, पण उत्तरं इंग्रजीत. हेमा बोलत गेली, अस्मी सांगत गेली. डॉक्टरांनी भ्रमाचा आजार म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी हेमाची जीभ जड झाली, हात थरथरू लागले.

शेवटी तिने अस्मीला फोन लावला. "तू त्यांना नेमकं काय सांगितलंस गं?"

"एक्झॅक्टली व्हॉट यू सेड, मामी. द हाउस वेक्स अप टू ईट हर."

हेमाला हसू फुटलं, कित्येक दिवसांनी. संध्याकाळी विलास घरी आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे तुला काही झालेलंच नाही," विलास सुटल्यासारखा म्हणाला. "गोळ्या बंद, खलास."

"कसं नाही? अन्न जात नाही, झोप नाही. सकाळी वाटतं, डोळे उघडूच नयेत. आजार खरा आहे, विलास, नाव चुकलंय. गोळ्यांचंही डॉक्टरच ठरवतील. त्यांच्याकडेच जाऊ."

जाताना गाडीत तिने अस्मीला बजावलं, "शब्द नको सांगूस, अर्थ सांग. अडलं की मला विचार."

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, घर जिवंत आहे असं वाटत नाही ना?

"घर विटांचंच आहे, डॉक्टर. आत बोलायला माणूस नाही, म्हणून ते अंगावर येतं."

अस्मी थबकली. "अंगावर येतं... मीनिंग, मामी?"

हेमाने समजावलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. जीव उदास झाला की आमच्याकडे 'छाती अरुंद झाली' म्हणतात, ते अस्मीमार्फत म्हणाले. तुमच्या बोलण्याचा अर्थ मी तेव्हाच विचारायला हवा होता. मग डोळे उघडू नयेत असं कधी वाटतं, जीव द्यावासा वाटतो का, हे त्यांनी खोदून विचारलं. हेमाने काही लपवलं नाही. जीव द्यायचा विचार नव्हता, पण जगण्यात राम उरला नव्हता.

हे नैराश्य होतं. जुन्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुटल्या, नवं औषध सुरू झालं आणि आठवड्यातून एकदा मराठी जाणणाऱ्या समुपदेशक शुभ्राशी बोलणं ठरलं. गुण यायला वेळ लागला. मधले काही दिवस पुन्हा वाईट गेले, तरी हेमाने एकही भेट चुकवली नाही.

एका सकाळी विलास डबा उचलत होता.

"भरली वांगी आहेत," ती म्हणाली. "सगळी नेऊ नकोस. मला भूक लागलीय."