बांधावरचं लाल खोकं

गावातल्या कुणाचीच खोडी काढायची राहिली नव्हती, म्हणून अभिमनआबांनी यंदा रानडुकरांची काढायची ठरवली. जुन्या स्टॅबिलायझरचं पोकळ खोकं लाल रंगवून त्यांनी मक्याच्या बांधावर खांबाला ठोकलं आणि शेजारच्या प्रेमराजला अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की यातून कानाला न कळणारा आवाज निघतो, परदेशात पलटणी पळवतात तोच.

डुकरं काही हटली नाहीत. प्रेमराज मात्र कपाळाला फडकं बांधून फिरू लागला, त्याची बायको सुगंधाबाई बांधाकडे पाठ करून निंदणी करू लागली, आणि शेवटी कळलं की पोरपणापासूनचा हा जोडीदार शेत विकून सुरतेला मुलाकडे निघालाय. आबांचं हसू तिथंच आटलं. त्याला थांबवायला ते बांधावर धावले, तर प्रेमराजने धुळ्याचा वकील भाचा कुंदन आणून उभाच केलेला; मागे सुगंधाबाईही होती.

"लढाईतसुद्धा विनाकारण यातना देणारं हत्यार चालत नाही, आबा," कुंदन म्हणाला. "डोळे घालवणारं लेझर तर नाव घेऊन बंद केलंय. आवाजाचं, मायक्रोवेव्हचं मात्र तसं नाव घेऊन कुठं लिहिलेलं नाही. म्हणून नवं हत्यार आधी तपासायचं असतं."

"म्हैसवर तपासी लिधं ना! तिन्हं दूध वाढनं," आबा सवयीने बोलून गेले.

"आन मनं डोकं? ते फुटी ऱ्हायनं ना, अभिमन!" प्रेमराजने कपाळावरचं फडकं दाबलं.

आबा वरमले. खिळे उपसून त्यांनी खोकं उघडं केलं आणि तिघांपुढे धरलं. "देखा. बठ्ठं रिकामं शे. मी गंमत कयी रे!"

आत गंजाची पूड तेवढी होती. कुंदन वाकून निरखू लागला. "हत्यारच नाही, मग बंदी कशावर..." म्हणता म्हणता त्याचे दोन्ही हात सावकाश कानांवर गेले. सुगंधाबाईने आणि प्रेमराजनेही कान दाबून धरले.

"मनीच खोडी काढतस का रे?" आबा खूश झाले आणि खोकं त्यांनी लांब नाल्यात भिरकावलं. तरी कुणाचे हात खाली येईनात.

"थांबशी ना रे, प्रेमराज?"

प्रेमराजने ओठ हलवले. बराच वेळ, अगदी समजावून सांगावं तसे. मागे वाऱ्याने अख्खा मका वाकत होता, पानांवर पानं आपटत होती, आणि त्यातलं काहीच आबांच्या कानांपर्यंत पोचत नव्हतं.

बोलणं संपवून प्रेमराज उत्तराची वाट बघत उभा राहिला.