बुचांचा क्लच

मित्रांनो, गिरगावात ठाकूरद्वारच्या एका चाळीत जिन्याखाली साइडकार लावलेली एक म्हातारी मोटारसायकल उभी असते. ती मी. माझा रंग उडाला आहे, हॉर्नला दमा लागला आहे, पण तक्रार करायला तोंड उघडावं तर आठवतात ती माणसंच. म्हणून आज त्यांच्याबद्दलच सांगते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात, लढाईच्या आधी झाला. बोटीने मुंबईला आले आणि एका गोऱ्या साहेबाच्या पदरी राहिले. देश स्वतंत्र झाला तसा साहेब घरी निघाला, आणि मला अण्णा तळपद्यांनी घेतलं. अण्णा विमा कंपनीत कारकून. धाकटी बहीण सुमती परळच्या इस्पितळात नर्स. रोज सकाळी ती माझ्या साइडकारमध्ये पदर खोचून बसे आणि म्हणे, "अण्णा, आज तरी बैलगाडीला मागे टाक!"

अण्णांचा माझ्यावर फार जीव. पण मित्रांनो, नुसत्या जीव लावण्याने भागत नाही. माझ्या डाव्या अंगाला पत्र्याचा एक चपटा डबा आहे. इंजिनाची ताकद साखळीवरून क्लचकडे नेण्याचं काम त्या डब्यात चालतं. क्लचच्या चकत्यांमध्ये बुचाचे गोल तुकडे बसवलेले. हँडलवरची क्लचची मूठ सोडली की चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि मी धावते. मूठ दाबली की सुटतात आणि मी थांबते. साखळी आणि चकत्या, दोघीही त्या डब्यात एकाच तेलात न्हातात. साखळी झिजू नये, पण चकत्या घसरूही नयेत, असं तेल त्यांना हवं.

अण्णांनी आधी गिअरचं दाट तेल भरलं. थंडीच्या सकाळी चकत्या एकमेकींना चिकटून बसू लागल्या. मूठ दाबून गिअर टाकला तरी मी बकरीसारखी उडी मारायची. एकदा तर सुमतीचा जेवणाचा डबा उलटला आणि तिच्या पांढऱ्या साडीवर वरण सांडलं. अण्णा ओशाळले. दुकानात जाऊन त्यांनी सर्वांत महाग तेल आणलं. काळंभोर, ग्रॅफाइट मिसळलेलं, बोटाला लोण्यासारखं लागणारं.

"आता बघ कशी पळते," ते सुमतीला म्हणाले.

दोन-चार आठवडे पळालेही. बुचं ते तेल गपचूप पीत होती, ते मला जाणवत होतं, पण सांगणार कसं?

आणि छप्पन्न सालचा जानेवारी उजाडला. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या घोषणेने गिरणगाव पेटलं होतं. हरताळ, गोळीबार, संचारबंदी. ट्राम बंद, बस बंद. इस्पितळात जखमींची रीघ लागलेली.

"मला जायलाच हवं," सुमती म्हणाली.

"आई नको म्हणतेय."

"आईला मी समजावते. तू गाडी काढ."

दुपारी संचारबंदी थोडी सैल होताच आम्ही निघालो. लालबागकडचा मोठा रस्ता अडवलेला, म्हणून अण्णांनी मला सात रस्त्यावरून डिलाईल रोडला वळवलं. तिथे एका चाळीच्या तोंडाशी घोळका उभा होता. गणपत नावाच्या गिरणी कामगाराच्या मांडीत गोळी शिरली होती. त्याची बायको रखमा लुगड्याचा बोळा जखमेवर दाबून बसली होती. सुमतीच्या अंगावरचा नर्सचा गणवेश पाहून ती उठलीच.

"बाय, ह्यांका न्या गो! माका नको, ह्यांका न्या."

सुमती साइडकारमधून उतरली. गणपतला तिथे आडवं केलं, आणि ती अण्णांच्या मागच्या सीटवर बसून, वाकून त्याची जखम दाबून धरू लागली. "अण्णा, चल. थांबू नकोस."

मी निघाले. करी रोडचा पूल समोर आला. अर्ध्या चढावर माझं इंजिन किंचाळू लागलं, पण चाक काही ओढेना. क्लच घसरत होता. अण्णांनी आणखी पेट्रोल दिलं. डबा तापला, जळकट वास सुटला, आणि मी जागीच उभी राहिले.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, हा पत्रा भंगारात का गेला नाही! माझ्या कुशीत एक माणूस पांढरा पडत चालला होता आणि मी नुसती ओरडत होते.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या साइडकारला खांदा लावला. ती रखमा होती. अनवाणी धावत आली होती. "काय बघतास? ढकला!" ती लोकांवर ओरडली. मग गिरणीतले चार कामगार आले, एक दूधवाला भैया आला, टोपी सावरत एक मास्तर आले. "हं, जोर लावा!" करत त्यांनी मला पुलाच्या माथ्यावर पोचवलं. आजवर मी माणसांना वाहिलं होतं. त्या दिवशी माणसांनी मला वाहिलं. उतारावरून मी आपोआप सुटले, आणि पुढच्या सपाट रस्त्यावर अण्णांनी मला अगदी हलक्या हाताने, रांगत रांगत परळला नेलं. गणपत वाचला.

संचारबंदी उठल्यावर अण्णांनी मला चिंचपोकळीला भिवा परबच्या वर्कशॉपमध्ये नेलं. अण्णांचा चेहरा उतरलेला. भिवाने डब्याचं झाकण काढलं, तेल चिमटीत चोळून पाहिलं.

"अण्णांनू, तेल वाईट नाय हा. इंजिनाक चांगला. पण क्लच धरूक होयो, आणि तुम्ही त्याच्या हाताक लोणी फासलास."

"मग आता?"

"धुवून बघूया. जमात का नाय, माका पण ठावक नाय."

पहिल्यांदा जमलं नाही. पेट्रोलने धुऊनही बुचं काळीच राहिली आणि क्लच पुन्हा घसरला. नवी बुचं बाजारात मिळेनात. तेव्हा सुमतीने इस्पितळातून औषधाच्या रिकाम्या मोठ्या बाटल्यांची बुचं आणली. अण्णांनी ती ब्लेडने बेताची कापली. घट्ट बसावीत म्हणून सुमतीने घरच्या पातेल्यात ती उकळून मऊ केली. पातेलं पाहून आईने कपाळाला हात लावला. भिवाने एकेक बूच चकतीत दाबलं, घासून सारखं केलं. मग डब्यात साधं, पातळ तेल ओतलं. त्यात काही मिसळलेलं नाही, आणि तेही खुणेपर्यंतच, थेंबभर जास्त नाही.

मी त्याच पुलावर चढले, मित्रांनो! बुचांनी चकत्यांना असं धरलं की मला रडूच आलं असतं.

गणपत घरी आला त्या दिवशी रखमाने माझ्यापुढे नारळ फोडला. भिवा ओरडत होता, "कुंकू कार्ब्युरेटराक नको गो!"

साठ सालच्या एक मेला राज्य झालं, मुंबईसह. त्या संध्याकाळी दादरला रोषणाई बघायला सगळे निघाले. गणपत थोडा लंगडतच आला आणि साइडकारमध्ये बसला, त्याच्या मांडीवर त्याची छोटी नलू. गर्दी एवढी की मला पावलापावलाने सरकायचं होतं. अण्णा मूठ दाबत, सोडत, दाबत, सोडत. चकत्या एकदाही चिकटल्या नाहीत, एकदाही घसरल्या नाहीत. नलू दोन्ही हात वर करून दिवे मोजत होती. तिला माझ्या क्लचची कल्पनाही नव्हती, आणि मला तेच फार आवडलं.

म्हणून सांगते, तुमच्या घरी सायकल असो, शिवणयंत्र असो की माझ्यासारखी एखादी म्हातारी, तिच्यावर प्रेम करताना तिला काय हवं ते आधी विचारा. आम्हाला बोलता येत नाही, पण आमचा आवाज बदलतो, वास बदलतो. तेवढं ऐका. माझं ऐकणारी माणसं मला मिळाली. दर दिवाळीच्या आधी अण्णा अजूनही तो डबा उघडतात, तेल चिमटीत घेऊन बघतात, आणि थरथरत्या हाताने नवं, पातळ तेल ओततात. तेव्हा मी जराही हलत नाही. एक थेंबसुद्धा सांडू देत नाही.