भुवईतली रेघ

माझी आत्या एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल आणि बारीक सुरी चालवून लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, पुटकुळ्या, सुरकुत्या घालवायच्या. खिडकीजवळ तिचं तिरकं टेबल, एका डोळ्याला भिंग. सुरी टेकवण्याआधी ती दर वेळी पुटपुटायची, "देवा, हात धर." मला वाटायचं, देव रोज येऊन आत्याशेजारच्या स्टुलावर बसतो. म्हणून त्या स्टुलावर मी कधी बसले नाही.

मी तेव्हा नऊ वर्षांची. शाळा सुटली की घरी कुणी नसायचं, म्हणून स्टुडिओत. मालकांना मी काका म्हणायची. त्यांनी मला पहिल्यांदा डार्करूममध्ये नेलं तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. लाल दिवा, आंबूस वास, आणि ट्रेमध्ये बुडवलेला कोरा कागद. "बघ हं, आता माणूस येईल," काका म्हणाले. आणि खरंच आला! आधी केस, मग मिशा, मग डोळे. मी हातच जोडले.

"अगं, हा आपला पोस्टमन आहे. त्याला नमस्कार कसला करतेस?"

काका हसले, पण तुम्हीच सांगा, काहीच नव्हतं तिथे माणूस उगवताना पाहून हात जोडायचे नाहीत, तर काय खिशात घालायचे?

मोठा फोटो छापायचा असेल, तर काच आत्याकडे देण्याआधीच काका कागदाची अरुंद पट्टी चेहऱ्यावरून आडवी ठेवून अंदाज घेत. एका टोकाला फिकट, दुसऱ्या टोकाला काळीकुट्ट. उजेड किती द्यायचा ते कळलं, की पट्टी फाडून टोपलीत. "लोक विश्वासाने चेहरा आपल्या हवाली करतात," ते बजावत. "त्यातला तुकडाही बाहेर जाता कामा नये. जो नेईल त्याला डार्करूम बंद."

आणि मी नेत होते. पट्टी फाडायचं काम काकांनी माझ्याकडेच दिलेलं. निम्म्या मी न फाडताच दप्तरात सारायची. कुणाचं नाक, कुणाचा चष्मा, नवरीचे अर्धे डोळे. बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्या ठेवून रोज पलंगाखाली डोकावायची, जसं काही आत गाव वसलंय.

एकदा दोन म्हाताऱ्या आल्या. जुळ्या. दोघींत सात मिनिटांचं अंतर, पण थोरलीचा रुबाब सात वर्षांचा. वडिलांच्या ट्रंकेत त्यांना लहानपणीच्या फोटोची काच सापडली होती. छापलेला फोटो दोघींनीही कधी पाहिला नव्हता. धाकटी आता दूरच्या गावी मुलाकडे कायमची राहायला निघाली होती, म्हणून दोघींना एकेक प्रत हवी होती.

"यातली हसरी मी आहे," थोरली आल्या आल्या म्हणाली.

"हो तर! जन्मात कधी हसलीस?" धाकटी म्हणाली.

आठवड्याने त्या फोटो न्यायला आल्या. दोन लहान मुली, एक हसरी, एक फुगलेली. चेहरे लख्ख. थोरलीने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"माझी भुवई कुठाय?"

मी वर पाहिलं. तिची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. एक पांढरी रेघ.

"ही पायरीवर पडल्याची खोक. फोटोच्या आधीची. आईला आम्ही कळायचो ते हिच्यावरूनच."

आत्याचा चेहरा उतरला. "बाई, मला वाटलं काच वाळताना केस चिकटलाय. मी... मी तो खरवडून काढला."

काकांनी काच उजेडात धरली. बराच वेळ बघत राहिले. "खरवडलेलं परत येत नाही," हळूच म्हणाले. "आणि मलाही आता आठवत नाही, कोणत्या मुलीची भुवई होती ती."

थोरली मटकन बसली. "म्हणजे ही गेल्यावर मी भिंतीवर कुणाला बघायचं? हिला की मलाच?" धाकटीने तिचा हात धरला. आत्याने डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "मालक, आता दुसऱ्या कुणाला बघा. माझ्याच्याने हे काम व्हायचं नाही."

घरी डब्यात या दोघींची पट्टी होती, सुरी लागण्याआधीची, दोन कपाळं आणि चार डोळे. ती दाखवली तर डार्करूम गेली. नाही दाखवली तर आत्या. मी मनात म्हटलं, देवा, हात धर, आणि घराकडे धूम ठोकली.

परत आले तेव्हा धाप लागली होती. डबा अख्खाच काकांपुढे उघडला. त्यांनी एकेक पट्टी पाहिली. मग ती पट्टी सापडली. एक मुलगी फिकट, दुसरी गडद, आणि गडद कपाळाखालच्या भुवईत पांढरी रेघ.

आत्याने भिंग लावलं. काचेवरची रेघ काही परत येणार नव्हती, पण छापलेल्या कागदावरचा काळा रंग खरवडला की खालचा पांढरा दिसतो. त्याच सुरीचं टोक तिने भुवईवर टेकवलं. "देवा, हात धर."

"देवाला सांग, जरा जपून. भुवई माझी आहे," थोरली म्हणाली.

दोन प्रतींवर दोन रेघा उमटल्या. थोरलीने बघितलं. रेघ फुगलेल्या मुलीच्या भुवईत होती.

"अगंबाई! म्हणजे फुरंगटलेली मी?"

"मग आता तरी हस," धाकटी म्हणाली.

आणि ती हसली. तोंडात चार दात, डोळ्यांत पाणी, तुटकी भुवई वर चढलेली. धाकटीही हसली, आत्याही.

काकांनी रसायनांच्या बाटल्या सरकवून डार्करूमच्या फळीवर माझा डबा ठेवला. "चोरीचा माल जप्त," ते म्हणाले. "आणि चोराने रोज येऊन त्यावर पहारा द्यायचा."

पण मी ऐकतच नव्हते. मी थोरलीकडे बघत होते. कॅमेरा तिथे तीन पावलांवर होता, आणि ते हसू कुणीच टिपलं नाही. पुढे चाळीस वर्षं मी कॅमेरा गळ्यातून उतरवला नाही तो त्या एका हसण्यापायी.