रिकामं आहे, घे

आमच्या ठाण्यात हत्यारांच्या खोलीचा एक रिवाज आहे. ड्यूटीवरून आलेल्यानं पिस्तूल परत करताना म्हणायचं, "रिकामं." घेणाऱ्यानं स्वतः उघडून, आत डोकावून म्हणायचं, "बघितलं." मग वाळूच्या पेटीत नळी धरून एकदा घोडा दाबायचा. नुसता 'टक्' झाला की सही. हे मी एकोणीस वर्षं सगळ्या नव्यांना शिकवत आलोय. म्हणजे तोंडानं. हातानं काय शिकवत होतो ते सांगायचं म्हटलं तर मान वर होत नाही.

पेटीत वाळू होती, नाही असं नाही. पण तिच्यावर चहाचे कागदी कप, विझवलेल्या विड्या आणि कुणाची तरी मोडकी छत्री. आता त्या उकिरड्यात कोण हात घालणार? मग आम्ही पिस्तूल भिंतीकडे धरून घोडा दाबायचो. भिंत तरी कसली, फळ्यांचा आडोसा. पलीकडे आमची लेखनिक बसते. कागदाला कागद टाचल्याशिवाय तिला चैन पडत नाही, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. मला ती दादा म्हणते. तिच्याकडे नळी रोखतोय असं कधी मनातही आलं नाही, कारण पिस्तूल रिकामंच असायचं ना!

त्या सकाळी फोन खांद्यात धरून मी मेहुण्याशी वाद घालत होतो. विषय पाण्याच्या टाकीचा. खोलीत मी एकटाच. आधी गोळ्यांची मॅगझिन काढायची, मग वरचा भाग मागे ओढायचा, हा क्रम झोपेतून उठवलं तरी सांगेन. मी आधी ओढलं, मग मॅगझिन काढली. असं उलटं केलं की एक गोळी नळीत जाऊन बसते, आणि मॅगझिन हातात आली म्हणून माणूस निर्धास्त होतो. "रिकामं," मीच म्हणालो. "बघितलं," तेही मीच.

ठो!

धावत पलीकडे गेलो. टाचणी कपाटाशी उभी होती, हातात पिनांचा डबा. तिच्या खुर्चीच्या पाठीला आरपार भोक पडलं होतं.

"पिना संपल्या म्हणून उठले होते," ती म्हणाली.

बाहेर जनरेटर धडधडत होता. कुणी विचारलं तर कपाट आपटलं म्हणून सांगितलं. गोळी सरावात उडाली अशी नोंद केली. टाचणी एवढंच म्हणाली, "दादा, वहीत लिहा."

ही वही साहेबांनी सुरू केलेली. 'थोडक्यात वाचलो', असं तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. काय होता होता राहिलं ते लिहायचं; नाव नको, शिक्षा नाही. मी त्या वहीची जाम टर उडवली होती. "आता आपणच आपला पंचनामा करायचा का रे?" सगळे खो खो हसले होते. त्यामुळे वहीत काय, तर जिना ओला होता, गाडीला कुत्रं आडवं आलं.

"लिहितो गं, उद्या," मी म्हणालो आणि मूग गिळून बसलो. दुसऱ्या दिवशी टाचणीनं खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकला. ऐन उन्हाळ्यात!

चार महिन्यांनी लांब्यानं तेच केलं. माझ्याच हाताखाली तयार झालेला शिपाई. आधी ओढलं, मग मॅगझिन काढली. पेटी कपांनी भरलेली, म्हणून नळी खाली धरली. उजव्या पायाची दोन बोटं गेली.

दवाखान्यात भेटायला गेलो तर हसून म्हणाला, "दादा, अगदी तुमच्यासारखं केलं होतं हो. फटाफट!"

मी नेलेली फळं उशाशी ठेवली आणि सुटलो तिथून.

साहेबांनी आम्हाला चौकशीसाठी बोलावलं. लांब्याचा निष्काळजीपणा ठरला तर त्याची नोकरी जाणार होती. टाचणी जबाब लिहून घेत होती.

"तुम्ही इथले सगळ्यात जुने," साहेब मला म्हणाले. "या खोलीत असं आधी कधी घडलंय?"

टाचणीचं पेन थांबलं. तिनं वर बघितलं नाही.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

तिनं ते लिहून घेतलं. अक्षर न् अक्षर.

बाहेर आल्यावर मी उगाच तिच्यावरच खेकसलो, "ती खुर्ची अजून का नाही बदललीस?"

"नवी मागायची तर कारण लिहावं लागतं, दादा. खोटं काय लिहू?"

चार महिने ही बाई त्या भोकाला पाठ टेकून बसली होती. पाठीशी घालणं म्हणतात ते हे! शरम वाटली. इतकी, की टाळूपर्यंत गरम झालो. स्वेटर तिच्या हातात दिला, खुर्ची उचलली आणि थेट साहेबांच्या टेबलासमोर नेऊन उलटी फिरवली.

"घडलंय, साहेब. माझ्या हातून. मघाशी खोटं बोललो."

साहेबांनी भोकात बोट घालून बघितलं. "टाचणी कुठं होती तेव्हा?"

"पिना आणायला उठली होती."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "त्याच दिवशी लिहिलं असतं तर कुणाला काही झालं नसतं," ते म्हणाले. "तुम्हालासुद्धा. मी फक्त पेटी साफ करून घेतली असती."

लांब्याची नोकरी वाचली. मला खोट्या नोंदीची आणि खोट्या जबाबाची शिक्षा झाली, शिकवण्याचं काम काढून घेतलं. ते रास्तच झालं. वहीत मी आता चार पानं लिहिलीत, नावासकट.

लांब्याला धावपळ जमत नाही, म्हणून हत्यारांच्या खोलीत आता तोच बसतो. पेटीतली वाळू रोज चाळतो. संध्याकाळी मी पिस्तूल पुढं करतो. "रिकामं आहे, घे."

"दाखवा, दादा."

मी उघडून दाखवतो. तो आत डोकावतो, सावकाश, मग बोट घालून चाचपतो. तेवढा वेळ मला त्याच्यासमोर उभं राहावं लागतं, आणि नजर कुठं ठेवावी ते कळत नाही. खाली त्याचा बूट असतो.

"बघितलं," तो म्हणतो, वाळूत नळी धरून 'टक्' ऐकतो आणि सही करतो.