बंद कंपनीची चालू गाडी

केस धुवायचं प्लास्टिकचं भांडं भर बसमध्ये वहिनीच्या पिशवीतून निसटलं आणि सीटांच्या मधून गडगडत थेट ड्रायव्हरच्या पायांपाशी जाऊन थांबलं. ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली, भांडं उचललं, आरशात पाहिलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वहिनी, हे तुझंच ना?"

ड्रायव्हर म्हणजे वहिनीची सख्खी धाकटी नणंद. चौदा वर्षं बस चालवत होती आणि तिचा आवाज तेवढ्या काळात बसच्या लांबीचा झाला होता. "ब्रेकखाली गेलं असतं म्हणजे? आता पुरे झालं. गाडी घे. लायसन्स काय पूजेला ठेवायला काढलंयस?"

बसमधले लोक हसले. वहिनी लाजली, पण ती गोष्ट तिच्या डोक्यात रुतून बसली ती बसलीच.

वहिनीचा धंदा केस कापण्याचा. दुकान मात्र नव्हतं. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, कुणाचे गुडघे गेलेले, कुणी नुकतीच बाळंत झालेली, कुणी अंथरुणाला खिळलेलं, अशांच्या घरी जाऊन ती केस कापायची. कात्र्या, ड्रायर, टॉवेलांची चवड, घडीची खुर्ची आणि ते मानेखाली धरायचं भांडं, एवढा संसार खांद्याला अडकवून दिवसाला तीन घरं व्हायची. चौथ्या घरी जायला अंगात त्राण उरायचं नाही. नणंदेनं मागे लागून लागून गेल्या वर्षी तिला गाडी शिकवली होती, मैत्रिणीच्या गाडीवर. लायसन्स पहिल्याच परीक्षेत मिळालं आणि पर्समध्ये कोरं करकरीत पडून राहिलं.

नव्या गाडीचं नाव काढायची सोय नव्हती. चांगल्या चालणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या गाड्यांचे भावसुद्धा आभाळाला टेकलेले. आठ दिवस मोबाइलवर बोट फिरवून फिरवून वहिनीला एक सापडली. छोटी, लिंबाच्या रंगाची, गोल दिव्यांची, पहिल्यापासून एकाच मालकाकडची. किंमत आवाक्यात, उलट जरा कमीच. कमी का, ते खालच्या ओळीत कळलं. ज्या कंपनीनं ती बनवली होती, त्या कंपनीनं बारा वर्षांपूर्वीच गाशा गुंडाळला होता.

"बंद कंपनीची गाडी?" नवरा म्हणाला. तो विम्याच्या कचेरीत अपघातांच्या फायली तपासायचा. दिवसभर चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघून बघून त्याला उभी गाडीसुद्धा ठोकलेलीच दिसायची. "म्हणजे माहेर नसलेली सून. उद्या काही दुखलं-खुपलं तर पाठवायची कुठे?"

"मला माहेर आहे," वहिनी म्हणाली, "तर तुम्ही मला कितीदा पाठवलंत?"

नणंद खो खो हसली. नवऱ्यानं चष्मा पुसला. "मी येणार नाही बघायला," तो म्हणाला. "तुम्हीच दोघी जा. आणि खालून बघा. गंज खालून लागतो."

रविवारी सकाळी दहाला दोघी नणंदा-भावजया पत्त्यावर पोचल्या. वहिनीनं वाटेत तीनदा पर्स उघडून लायसन्स आहे ना ते पाहिलं होतं. दार उघडलं ते एका उंच, वाकलेल्या काकांनी. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. आता गुडघ्यानं संप केला होता, क्लच दाबवत नव्हता.

त्यांनी शटर वर ढकललं आणि वहिनीच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. फोटोत दिसली होती त्यापेक्षा छोटी होती ती. दोन गोल दिवे म्हणजे नुकतेच झोपेतून उघडलेले डोळे. आतल्या सीटांना काकांनी स्वतः शिवलेली जाड कापडाची कव्हरं होती, टाके अगदी एकसारखे.

"आधी वाईट सांगतो," काका म्हणाले. "मागे उजवीकडे पोचा आहे. तो माझा. खांब होता, मी विसरलो. रेडिओ लागत नाही. बाकी सगळं इथे आहे." त्यांनी एक वही पुढे केली. कधी तेल बदललं, कधी टायर, कोणता दिवा गेला, बारीक अक्षरात तारीखवार. मागच्या फळीवर एक खोकं होतं. "कंपनी बंद होणार हे पेपरात वाचलं, त्याच दिवशी जाऊन क्लचच्या दोन तारा, दिव्याच्या काचा, दाराच्या मुठी-कड्या घेऊन आलो. लोक हसले. हसू देत."

नणंद जमिनीवर उताणी झोपून गाडीखाली शिरली होती. तिथून तिचा आवाज आला, "गंज नाही!"

"पण एक आहे," काका अडखळले. "साडेअकराला आणखी एक जण येणार आहे. तो गाड्या सोडवतो. भाग सुटे करून विकतो. तुमच्यापेक्षा जास्त देतो म्हणालाय. माझी मुलगी म्हणते, बाबा, जास्त देईल त्याला द्या. तेव्हा चालवून बघा, पण शब्द मी देत नाही."

पाच मिनिटांपूर्वी जिची ओळख नव्हती, तिला कुणी कापणार म्हटल्यावर तिचा जीव इतका का कळवळावा, हे तिचं तिलाही कळेना. घड्याळात साडेदहा झाले होते.

किल्ली फिरवल्याबरोबर गाडीनं पहिल्याच हाकेला ओ दिली. शेजारी नणंद, मागे काका. वहिनीनं गल्लीतून गाडी काढली, दुसरा टाकला, तिसरा टाकला, आणि तिला एकदम हसू आलं. स्टिअरिंग हलकं होतं आणि गाडी सांगितलेलं ऐकत होती. तीन रस्ते झाले. चौथ्या वळणावर वहिनीनं उत्साहाच्या भरात गाडी ज्या बोळात घातली, त्याच्या टोकाला भिंत निघाली.

"घे मागे," नणंद म्हणाली.

वहिनीनं रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. गाडी पुढे सरकली. भिंतीपाशी कचऱ्याचा डबा होता, तो टण्णकन वाजला.

"पहिला पडला. पुन्हा टाक."

पुन्हा टाकला. पुन्हा पुढे. डबा आडवा झाला.

"उठ, मला दे. चौदा वर्षं बस चालवतेय मी." जागांची अदलाबदल झाली. नणंदेनं दांडी डावीकडे दाबली, उजवीकडे दाबली, वर ओढली, दोन शिव्या घातल्या. गाडी काही मागे जाईना. मागच्या आरशात काकांचा चेहरा दिसत होता. ते खिडकीबाहेर बघत होते, मिशीत काहीतरी दाबून.

"काका, हिला रिव्हर्स आहे ना?" नणंद रडकुंडीला आली. "का कंपनी त्याच्या आधीच बंद पडली?"

"थांब जरा," वहिनी म्हणाली. ती बाजूच्या सीटवरून वाकली आणि तिनं दांडीला नुसता हात लावला, डोळे मिटून. गुंता कुठे आहे हे बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं, वीस वर्षांचा अनुभव होता तिचा. मुठीच्या खाली एक बारीक कडं हाताला लागलं. केसांची बट उचलावी तसं तिनं ते दोन बोटांनी वर उचललं, दांडी ढकलली आणि खट्ट आवाज झाला.

गाडी मागे आली.

"आली!" वहिनी ओरडली. "आली, आली, आली!" नणंदेनं भर बोळात हॉर्न वाजवला. काका मोकळेपणानं हसले. "सहा गिऱ्हाइकं येऊन गेली," ते म्हणाले. "सगळ्यांनी मलाच विचारलं. एकानं तर उतरून ढकलली." खाली उतरून त्यांनी डबा सरळ करून ठेवला आणि गाडीत बसताना पुन्हा एकदा हसले.

परत आले तर फाटकापाशी गाड्या ओढून न्यायचा आकडा लावलेला ट्रक उभा. गाड्या सोडवणारा अर्धा तास आधीच येऊन ठेपला होता. आडव्या बांध्याचा माणूस, नखांत तेल. वहिनीचं हसू तिथल्या तिथे विरलं.

त्यानं कुणाकडे न बघता बॉनेट उघडलं. "चालू करा."

नणंदेनं चालू केली. तो वाकून कान देऊन ऐकत राहिला, डॉक्टर छाती तपासतो तसा. मग म्हणाला, "बंद करा. बाई, तुम्ही घेताय?"

"घ्यायची होती," वहिनी म्हणाली. "पण तुमच्याइतके पैसे मी नाही देऊ शकत."

"करणार काय हिचं?"

वहिनीनं सांगितलं. घरं, केस, घडीची खुर्ची.

"रोज चालवणार?"

"रोज. पाच-सहा घरं."

त्यानं खिशातून चिंधी काढून हात पुसले, एकेक बोट. "काका, मी नाही घेत."

"का हो?" नणंद चमकली. "काय खराब आहे तिच्यात?"

"खराब असती तर घेतली असती," तो म्हणाला. "अहो, हिच्या चौदा बहिणी माझ्या गोदामात सुट्या होऊन फळ्यांवर पडल्यात. ते भाग घेतं कोण? ज्यांच्या गाड्या अजून पळतात ते. दर वर्षी दोन-चार कमी होतात. चालत्या गाड्याही मीच कापत सुटलो तर चौदा गाड्यांच्या भागांचं काय लोणचं घालू? आणि असं इंजिन कापलं तर माझा बाप वरून दगड मारेल. त्यानंच शिकवलंय मला."

काकांनी हलकेच बॉनेट लावलं.

"फुकट नाही सोडत हां," त्यानं बोट दाखवलं. "आरसा फुटला, पंप गेला, काहीही झालं की माझ्याकडेच यायचं. दुसरीकडे गेलात तर भांडण." त्यानं खिशातून गोदामाच्या पत्त्याची चिकटपट्टी काढली आणि पुढच्या कप्प्याच्या आतल्या बाजूला हातानं दाबून दाबून लावली. मग रिकामा ट्रक घेऊन निघून गेला.

काकांनी डोकं खाजवलं. "मुलीला काय सांगू आता? जास्त देणारा पळून गेला म्हणून सांगतो. खोटं तर नाही."

कागदांवर सह्या झाल्या. पैसे या फोनवरून त्या फोनवर गेले. काकांनी वही उघडून त्या दिवशीची तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिला, शाई वाळेपर्यंत थांबले आणि वही वहिनीच्या हातात दिली. खोकं त्यांनी स्वतः मागच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टासुद्धा बांधला. "पहिल्या गिअरात ताणू नका तिला," एवढंच म्हणाले.

घरी जाताना वहिनीला वाटलं, रस्ते कुणीतरी रुंद करून ठेवलेत. "अगं, किती लांबून वळवतेस?" नणंद ओरडली. "ही बस आहे का?"

"शिकवलंय कुणी मला?"

"आणि थांब्यावर का थांबलीस?"

वहिनीनं पाहिलं. खरंच, ती बसथांब्यावर उभी होती. रांगेतल्या एका आजोबांनी चढायला पाऊलही उचललं होतं. दोघी इतक्या हसल्या की मागून हॉर्न वाजेपर्यंत पुढचा गिअर पडेना.

नवरा खाली उभाच होता, हातात बॅटरी. भर दुपारी. त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली, खाली वाकून उजेड पाडला, पोचा बोटानं चाचपला, टायरला दोन लाथा मारल्या.

"भाग?" त्यानं विचारलं.

वहिनीनं कप्पा उघडून पट्टी दाखवली आणि सगळी हकीकत एका दमात सांगितली. नवरा ऐकत राहिला. कुठेतरी फट सापडेल म्हणून त्यानं दोन-चार प्रश्न विचारून पाहिले. सापडेना. मग मागचं दार उघडून तो खोक्याशेजारी बसला आणि पट्टा लावला. "एक चक्कर. हळू."

कोपऱ्यापर्यंत त्यानं पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. दुसऱ्या कोपऱ्याला एक हात सुटला. बाजाराजवळ त्यानं काच खाली केली. परत दाराशी आल्यावर वहिनीनं गाडी थांबवली, कडं उचलून रिव्हर्स टाकला आणि दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध अलगद उभी केली.

"उतरतोस ना, दादा?" नणंदेनं विचारलं.

दादा उतरेना. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुझ्या उद्याच्या घरांपैकी सगळ्यात लांबचं कुठलं गं?"

"नदीपलीकडचं. पूल ओलांडून."

"मग रस्ता आजच बघून ठेवलेला बरा. उद्या ऐन वेळी चुकशील."

त्या रस्त्यानं वहिनी सहा वर्षं बसनं जात होती. तिथला प्रत्येक खड्डा तिला पाठ होता. पण तिनं ते सांगितलं नाही. पहिला टाकला, मग दुसरा, आणि पुलाच्या दिशेनं गाडी वळवली, या वेळी अगदी आखडती, गाडीच्या मापाची.