टेबलाखालचा बॅरन

डावा कोपरा

इपोलित ब्रेशारने छपाईच्या दगडावर तेलकट खडूने पाच राजदूत काढले होते. रशियाचा, ऑस्ट्रियाचा, इंग्लंडचा, प्रशियाचा आणि तुर्कस्तानचा. पाचही जण टेबलावरच्या एकाच खमंग भाजलेल्या पाईवर सुऱ्या रोखून बसलेले. इतकं चांगलं चित्र त्याच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. या राजदूतांची पॅरिसमध्ये भरलेली परिषद शनिवारी संपणार होती. त्याआधी ते दुकानाच्या काचेत लागलं तर अख्खं पॅरिस हसणार. सोमवारी लागलं तर शिळ्या पावाला कोण विचारतो?

अडचण एकच. बादशहाचा कायदाच तसा होता: ज्याची टिंगल करायची, त्याचीच लेखी परवानगी आणायची. पाचही दूतावासांनी नकार दिला.

"रशियन काय म्हणतो?" दुकानाच्या मालकीणबाई मादाम पेलिसो यांनी विचारलं.

"म्हणतो, माझं नाक एवढं नाही."

"आहे तर!"

"ते त्यालाही माहीत आहे, मादाम."

इपोलितने वैतागून छापयंत्राला लाथ मारली. यंत्र आधीच एका पायाने अधू. बराच वेळ डुगडुगत राहिलं.

टेबलाखाली

गुरुवारी एक गोल गृहस्थ घाम पुसत दुकानात शिरले. बॅरन फॉन त्स्विकल. त्यांचं संस्थान एवढंसं, की नकाशावर त्याचं नाव शेजारच्या राज्यात छापावं लागे.

"पाच दूतावासांत तुमच्या चित्रावरून आरडाओरडा चाललाय," ते म्हणाले, "आणि माझ्याकडे परवानगी मागायलासुद्धा कुणी आलं नाही!"

"अहो, पण तुम्ही चित्रात नाही आहात."

"तेच म्हणतोय मी! नावं ठेवा, पण नाव तरी घ्या."

"खुर्ची शिल्लक नाही, बॅरन."

"टेबलाखाली चालेल."

इपोलितला हसू आलं. त्याने खडू उचलला. दगडावरचे बॅरन टेबलाखाली रांगत पाईचा चुरा वेचू लागले. गाल फुगलेले, डोळे आनंदाने मिटलेले. खऱ्या बॅरननी तिथेच वाकून परवानगीवर सही ठोकली.

वरचा भाग

सही एकच मिळाली होती. इपोलितने पाचही डोकी खरवडून काढली. उरले कोट, पदकं आणि सुऱ्या.

सरकारी तपासनीसाने चित्र उलटंसुलटं केलं. "हे कोण?"

"कोट आहेत, साहेब."

"कोटांना परवानगी लागत नाही," तो कुरकुरला आणि त्याने शिक्का मारला.

शुक्रवारी काचेसमोर एवढी झुंबड उडाली, की पलीकडच्या कॉफीवाल्याने खुर्च्या बाहेर मांडल्या. कुठला कोट कुणाचा, हे लहान पोरंही सांगत होती. आणि बॅरन रस्त्याने निघाले, की लोक टोप्या काढून ओरडत, "चुरा कसा होता, बॅरन?" बॅरन लवून उत्तर देत, "उत्तम!"

तळाची ओळ

बॅरनचा बोलबाला पाहून शनिवारी सकाळी पाचही दूतावासांच्या परवानग्या आल्या. रशियनाने तर नाक हवं तेवढं काढायची मुभा दिली होती.

"बस, रेखाट डोकी पुन्हा!" मादाम म्हणाल्या. "अजून दुपार आपली आहे."

बॅरन दारात उभे होते. टोपी हातात. "डोकी आली, की टेबलाखाली कोण वाकून बघणार?" ते हळूच म्हणाले.

इपोलितने दगडाकडे पाहिलं. ती डोकी त्याच्या हातची सर्वांत सुंदर डोकी होती. त्यांची त्याला खरंच आठवण येत होती. त्याने पाचही परवानग्यांची घट्ट घडी केली आणि खाली बसून ती यंत्राच्या अधू पायाखाली सारली.

"चला," तो म्हणाला, "आता डुगडुगणार नाही. आणखी दोनशे प्रती काढू."