दोन घरांत वाटलेली पोथी

मित्रांनो, मी एक जुनी पोथी आहे. खरे सांगायचे तर अर्धीच. माझे पहिले अध्याय सुरतेला, पर्वत पाटियाजवळच्या एका घरात पत्र्याच्या पेटीत बंद आहेत. उरलेले सुरतेजवळच्याच सचिन या गावी, दुसऱ्या पेटीत.

माझ्यातली कथा माझ्याहून फार जुनी आहे. राज्यासाठी एकमेकांशी लढलेल्या चुलत भावांची ती कथा. लिहिणे कोणाला ठाऊक नव्हते तेव्हाही लोक ती गात होते. एक दमला की दुसरा पुढे गाई. मग कधीतरी कोणाला तरी विसरण्याची धास्ती वाटली आणि तोंडातले शब्द पानावर आले. शब्द टिकले खरे, पण डांबलेही गेले. गाणे हवे तिथे जाते. मला मात्र कोणी फडक्याची गाठ सोडल्याशिवाय श्वाससुद्धा घेता येत नाही.

माझा जन्म खानदेशातला. ज्या छगनने मला पुढे सांभाळले, त्याच्या आजोबांनी बोरू शाईत बुडवून मला लिहिले. कागद कमी पडू नये म्हणून त्यांनी सारे शब्द एकमेकांना चिकटवले. त्यामुळे ज्याने कथा आधी कानांनी ऐकली असेल, त्यालाच मला नीट वाचता येते. याचा मला थोडा तोराही आहे! छगन मागावर काम करायला सुरतेला आला, तेव्हा मी त्याच्या वळकटीत होते. सुट्टीच्या दिवशी तो वाचायचा. त्याची बायको प्रमिलाबाई आणि शेजारीपाजारी ऐकायचे. वाल्मिक आणि योगराज ही त्याची मुले त्याच्याकडूनच मला वाचायला शिकली. ते दिवस फार छान होते.

छगन वारला आणि त्याने पुढे स्वतः घेतलेल्या मागाच्या मशिनांच्या वाटणीवरून भाऊ भांडले. आमच्याकडे समजूत आहे, की ही कथा पूर्ण एका घरात ठेवली तर भावाभावांत वैर येते. झाले, सारे खापर माझ्या डोक्यावर फुटले!

“आते इले तापीमा सोडी देऊत,” वाल्मिक म्हणाला. मी गारठलेच.

“पोथीना काय गुन्हा?” प्रमिलाबाई कडाडली. “भांडण तुमना मनमा शे.”

शेवटी तोडगा निघाला: पोथी बुडवायची नाही, अर्धी अर्धी वाटायची. युद्धासाठी सैन्ये समोरासमोर उभी राहतात, तिथे मला तोडले. योगराज आपला भाग घेऊन सचिनला राहायला गेला आणि पुन्हा या घरात आला नाही. पेटीच्या काळोखात मी वर्षानुवर्षे शंख वाजण्याची वाट पाहत पडून राहिले. माझेच पुढचे मला आता आठवू नये, याचे फार वाईट वाटे.

या उन्हाळ्यात प्रमिलाबाईने अंथरूण धरले. तिचे एकच मागणे होते. “माले शेवटपावत ऐकनी शे. दोन्ही भाऊसना तोंडथून.”

वाल्मिकने फोन केला. योगराज आपली पाने घेऊन आला, पण दारातच थबकला.

“पुरी पोथी एक छप्परखाले नको, माय. मी बाहेरच बसस.”

अडचण पोथीची नव्हती, हे सगळ्यांना कळत होते. भावाच्या घरात पाय ठेवणार नाही, अशी त्याने शपथ घेतली होती.

वाल्मिक आत खाटेजवळ बसून वाचू लागला. तो अडखळला की प्रमिलाबाई मिटल्या डोळ्यांनी पुढचा शब्द पुरवी. माझे शेवटचे पान संपले आणि बाहेरून योगराजचा आवाज सुरू झाला. अखेर शंख वाजले. भाऊ पडले, गुरू पडले, कोवळी मुले पडली. जिंकलेले घरी परततात, तेव्हा जिंकल्याचे सांगायला घरात कोणी उरलेले नसते. त्या ओळीवर योगराजचा आवाज बंद पडला.

“थांबू नका रे,” आतून प्रमिलाबाई म्हणाली.

वाल्मिक मला घेऊन उठला. उंबरा ओलांडून तो उन्हात भावाच्या शेजारी बसला आणि माझी पाने त्याच्या पानांशेजारी ठेवली. वर छप्पर नव्हतेच. उरलेले दोघांनी मिळून वाचले, आईला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात.

प्रमिलाबाई आता नाही. तिचे दिवसकार्य झाल्यावर वाल्मिकने मला पुन्हा फडक्यात बांधले आणि योगराज आपला भाग घेऊन गेला. मी पेटीत आहे. मित्रांनो, पोथीला हळदकुंकू वाहिले नाही तरी चालेल. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी बांधून ठेवलेले असेल, तर गाठ सोडा आणि मोठ्याने वाचा; ऐकणारे माणूस जिवंत आहे तोवर वाचा.